तेरावं कडवं

ते गाणं मी चोरलं, असं आज मी सरळ म्हणू शकते. तेव्हा मला तो शब्द सुचला नव्हता. एका वहीत तेरा कडवी उतरवून घेतली, चार कागदांवर त्यांची नीट नक्कल केली आणि मालवणला जाऊन पोस्टाच्या पेटीत टाकली. त्यात काही वावगं आहे असं मनात आलं नाही. आलं असेल तर मी ते बाजूला सारलं.

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. मी एकवीस वर्षांची होते, धामापूरच्या बाजूच्या शेतकरी घरातली. ट्रेनिंग संपवून पहिलीच नेमणूक मिळाली ती देवबागच्या शाळेत. आमच्याकडे डोंगर, तळं, भाताचे मळे. इथे डाव्या हाताला खाडी, उजव्या हाताला समुद्र आणि मध्ये माडांनी भरलेली वाळूची चिंचोळी पट्टी. घराच्या पडवीत बसलं की दोन्हीकडचं पाणी ऐकू यायचं. पहिले काही महिने मला त्या आवाजाने नीट झोप लागली नाही.

राहायला जागा मिळाली एका विधवा बाईंच्या घरात. त्यांना मी काकी म्हणायचे. वय पन्नाशीच्या पुढचं, अंगाने काटक, बोलणं मोजकं. सकाळी मासळीची टोपली घेऊन मालवणच्या बाजारात जायच्या, दुपारी परतायच्या. त्यांचा एकुलता मुलगा होडीवर जायचा. शेजारच्या घरात त्यांच्या दिराचा मुलगा राहायचा. दीर-जाऊ दोघंही गेलेली, म्हणून त्या पुतण्यालाही काकींनीच वाढवलेलं. दोघे चुलतभाऊ एकाच होडीवर. पुतण्याचं लग्न मी आले त्याच वर्षी झालं. त्याची बायको अठरा वर्षांची, हसरी. माझ्याकडे येऊन अक्षरं गिरवायची.

काकींचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो आषाढात. होड्या वर ओढून माडाच्या पानांच्या झापांखाली झाकून ठेवल्या होत्या. काकी पडवीत बसून फाटलं जाळं विणत होत्या आणि गात होत्या. माझे वडील भजनात पेटी वाजवायचे, त्यामुळे मला सुरांची थोडी जाण होती. पण असा आवाज मी ऐकला नव्हता. तो वर चढतच नव्हता. एका सुरावर उभा राहायचा, थोडा खाली उतरायचा आणि पुन्हा त्याच सुरावर येऊन थांबायचा, वाट बघितल्यासारखा.

मी विचारलं, "काकी, ह्या कसला गाणा?"

त्यांनी दोरा दाताने तोडला. "ह्या किनाऱ्यावरच्या घरांतला. दर्यार गेलेलो माणूस परत येवक नाय, की म्हणतत."

मग त्यांनी हळूहळू सांगितलं. होडी आली नाही की त्या घराचं दार बारा दिवस लावायचं नाही. घरातली सर्वांत मोठी बाई रोज तिन्हीसांजेला उंबऱ्यात बसून एक कडवं म्हणते. पहिल्या दिवशी ती समुद्राकडे माणूस मागते, जिवंत आणि धडधाकट. दुसऱ्या दिवशी म्हणते, दुखलाखुपला असला तरी चालेल. असं मागणं रोज थोडं कमी होत जातं. आठव्या दिवशी ती नुसतं कलेवर मागते. मग अंगावरचा सदरा. मग वल्हं. बाराव्या दिवशी म्हणते, निदान तो कुठे गेला ते सांग. आणि तेराव्या दिवशी एकच ओळ म्हणायची: 'दर्या, तुझो तुका, दार मी लावतंय.' ती म्हणून दार लावून घ्यायचं. दुसऱ्या दिवसापासून त्या माणसाची बायको विधवा.

"ता येकदाच म्हणूचा," काकी म्हणाल्या. "आणि होडी पाण्यात आसताना ह्यातला काय्येक तोंडार आणूचा नाय. पावसात चलता. तेव्हा सगळे घरात आसतत."

"तुम्ही म्हटलात? तेरावा?"

"म्हटलंय. माझो घोव दर्यातच ऱ्हवलो."

त्या पावसाळ्यात मी ते गाणं तुकड्यातुकड्याने ऐकलं. खोलीत जाऊन लगेच वहीत लिहायचे. चाल विसरू नये म्हणून शब्दांवर बारीक अक्षरात सा, रे, ग मांडायचे. तेरावी ओळ काकी बोलून दाखवायच्या, गायच्या नाहीत. पण श्रावणात, होड्या पाण्यात घालायच्या आठवडाभर आधी, त्यांनी ती एकदाच गायली. बाहेर ऊन-पावसाचा खेळ चालला होता. बारा कडव्यांत थांबलेला तो आवाज त्या ओळीला एकदम वर गेला आणि तिथून तुटल्यासारखा खाली आला. मी दाराआड पेन्सिल घेऊन उभी होते. माझ्या हातावर काटा आला, आणि त्याच हाताने मी सूर लिहिले.

माझा एक मामेभाऊ मुंबईत सिनेमाच्या गाण्यांत व्हायोलिन वाजवायचा. त्याची पत्रं यायची तेव्हा आमच्या घरात दिवाळी असायची. गाणं कसं बनतं ते तो लिहायचा: चाल आधी होते आणि शब्द मागून बसवतात, कवी मोटारीत बसून सिगारेटच्या पाकिटावर अंतरा लिहितो, गायिका आली की चाळीस वाजवणारे एकदम गप्प होतात. त्या वर्षी त्याने लिहिलं होतं, "आमच्या संगीतकारांना किनाऱ्यावरची एखादी अस्सल चाल हवी आहे. सिनेमात समुद्र आहे. तुझ्या कानावर काही पडलं तर पाठव."

मी पाठवलं. काकींना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या नाही म्हणाल्या असत्या, हे मला ठाऊक होतं. गाणं कधी म्हणतात, कधी म्हणू नये, हेही मी पत्रात लिहिलं नाही. ते लिहिलं तर ते लोक घ्यायचे नाहीत, असं वाटलं. माझ्या हातचं काहीतरी मुंबईत वाजेल, या कल्पनेने मला झपाटून टाकलं होतं.

दोन महिन्यांनी त्याचं उत्तर आलं. चाल सगळ्यांना आवडली होती. गाणी लिहिणारे कवी उत्तरेकडचे, मोठे शायर. त्यांनी अर्थ समजून घेतला आणि बारा कडवी सोडून दिली. त्यांना हवी होती ती शेवटची ओळ. "ते म्हणाले, सगळं काव्य या एका ओळीत आहे," मामेभावाने लिहिलं होतं. ती ओळ त्यांनी हिंदीत करून मुखडा केला. सिनेमात नायिका प्रियकरावर रुसली आहे. तो उशिरा आला म्हणून ती लटक्या रागाने म्हणते, जा, आता मी दार लावते. गाण्यात ती ओळ आठ वेळा येत होती.

त्याच पत्रात पुढे एक मजकूर होता. तो आजही मला जसाच्या तसा आठवतो, कारण तो मी कितीतरी वेळा वाचला. रेकॉर्डिंगच्या दिवशी मागे कोरस गाणाऱ्या सहा मुली होत्या. त्यातली एक शिरोड्याकडची. तालमीत चाल सुरू झाली तशी ती गप्प झाली. मुखडा ऐकल्यावर तिने हातातला कागद खुर्चीवर ठेवला आणि म्हणाली, हे मी गाणार नाही. संगीतकारांनी कारण विचारलं. तिने सांगितलं नाही. दिवसाची बिदागी न घेता ती निघून गेली. "विचित्र पोरगी," मामेभावाने लिहिलं होतं. "मुख्य गायिकेने मात्र एका दमात गाणं दिलं. शेवटी सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. नंतर त्या दोनदा म्हणाल्या, ही चाल कुठून आली ते मला सांगा. कुणाला माहीत नव्हतं, आणि मी तुझं नाव घेतलं नाही."

ते पत्र मी ट्रंकेच्या तळाशी ठेवलं. समुद्राकाठच्या शिरोड्याची ती मुलगी उठून का गेली, हे त्या स्टुडिओत कुणाला कळलं नव्हतं. मला देवबागेत बसून कळलं होतं. गाणं अजून बाहेर यायचं होतं. मी एक पत्र लिहू शकले असते, निदान काकींना सांगू शकले असते. मी काहीच केलं नाही. रोज शाळेत गेले, रोज घरी आले.

गाणं आमच्या गावात आलं ते पुढच्या वर्षी, नारळी पौर्णिमेनंतर. होड्या पाण्यात गेल्या होत्या. खाडीच्या बाजूला एकाचं चहाचं हॉटेल होतं. त्याचा भाऊ बोटीवर नोकरीला. त्याने ट्रान्झिस्टर आणून दिला होता. दुपारच्या फर्माइशीच्या कार्यक्रमाला तिथे गर्दी व्हायची. मी शाळेतून परत येत होते. व्हायोलिनं वाजली, बासरी वाजली, आणि मग तो आवाज. किती गोड होता तो. इतका गोड की मी रस्त्यात थांबले आणि क्षणभर आनंद झाला, हे मी लपवणार नाही. मग मुखडा आला. आणि पुन्हा आला. समोर समुद्रावर आमच्या गावच्या होड्या दिसत होत्या.

हिंदी फारसं कुणाला कळत नव्हतं. तरण्या पोरांना ते प्रेमाचं गाणं वाटलं. आठवडाभरात ते सगळ्यांच्या तोंडी झालं. माझ्या वर्गातल्या मुली टिकरीचा खेळ खेळताना ते गुणगुणायच्या. लंगडी घालत शेवटच्या घरात पोचलं की मुखडा म्हणायचा. मी एकदा त्यांच्यावर इतकी ओरडले की एक लहान मुलगी रडली. त्यांना कारण कळलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या माझ्या नजरेआड तेच म्हणत होत्या.

म्हाताऱ्या बायकांना मात्र पहिल्याच दिवशी कळलं. शब्द परके होते, पण चाल त्यांच्या हाडात होती. काकी त्या संध्याकाळी बाजारातून आल्या, टोपली ठेवली आणि हातपाय न धुता माझ्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या.

"बाये, त्या हॉटेलात काय वाजता?"

"सिनेमातला गाणा, काकी."

"सिनेमावाल्यांका खंय गावला ता?"

"मुंबईत काय, सगळीकडचे लोक आसतत," मी म्हटलं. "कोणीतरी सांगितला आसतला."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग पाय धुवायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी चारपाच बायका मिळून हॉटेलवाल्याकडे गेल्या. मीही मागे उभी होते. हॉटेलवाला वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "ह्या मुंबैसून येता. मी थांबवन थांबतला? सगळ्या मुलखात वाजता."

"आमच्या कानार नको," काकी म्हणाल्या. "होडये भायर आसत."

त्याने काही दिवस ते गाणं लागलं की आवाज बंद केला. पण गिऱ्हाईकं कुरकुरू लागली. शिवाय मालवणला ते वाजत होतं, वेंगुर्ल्याला वाजत होतं. लग्नाच्या मांडवातल्या कर्ण्यावर वाजत होतं. हळूहळू पुन्हा तेच सुरू झालं.

दिवाळी होऊन गेली होती. हवा कोंदट झाली. सकाळी समुद्र सपाट होता, तेल ओतल्यासारखा, आणि कावळे किनारा सोडून आत माडांत येऊन बसले होते. काकी मुलाला म्हणाल्या, "आज जाव नको." तो हसला. दोन दिवस मासळी चांगली लागत होती. तो, पुतण्या आणि आणखी दोघे गेले. पुतण्याची बायको त्यांना भाकरी द्यायला पाण्यापर्यंत गेली होती. परत येताना ती तेच गाणं गुणगुणत आली. तिचं माहेर आतल्या गावात, तिथे ते नुसतं सिनेमाचं गाणं होतं. काकींनी तिला हाताने खूण करून गप्प केलं. पोरगी बावरली.

दुपारी वारा फिरला. चार वाजता समोरचं काही दिसेनासं झालं. इतर होड्या कशाबशा आल्या. आमची आली नाही.

दोन्ही घरांची दारं उघडी राहिली. वारा वाळू घेऊन आत येत होता. चुलीवर, पाण्याच्या हंड्यात, अंथरुणात वाळू. हॉटेलवाल्याने आपण होऊन ट्रान्झिस्टरचे सेल काढून ठेवले. गावात कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. पण ते गाणं थांबलं नव्हतं. ते आता आमच्या डोक्यात होतं. दुसऱ्या दिवशी मी तांदूळ धूत होते आणि मला माझाच आवाज ऐकू आला. तीच ओळ. मी मान वर केली तर काकी चुलीपाशी बसून माझ्याकडे बघत होत्या. तिन्हीसांजेला त्या उंबऱ्यात जाऊन बसल्या, पण कडवं म्हणायला त्यांचं तोंड उघडलं नाही. नुसत्या बसून राहिल्या.

चौथ्या दिवशी दक्षिणेकडून माणूस आला. होडी फुटून शिरोड्याच्या किनाऱ्याला लागली होती. तिघे जिवंत होते. काकींचा मुलगा होता. पुतण्या नव्हता.

मुलगा घरी आला तेव्हा काकींनी त्याला पेज वाढली, त्याच्या खरचटलेल्या हातांना तेल लावलं आणि मग उठून शेजारच्या घरी गेल्या. त्या घरात आता त्याच मोठ्या होत्या. कडवी म्हणायची जबाबदारी त्यांची होती. त्या उंबऱ्यात बसल्या आणि म्हणायला सुरुवात करणार, तेवढ्यात आतून ती पोरगी म्हणाली, "काकी, ता नको."

"म्हणूक होया गो. नायतर तेका वाट गावची नाय."

"ता सिनेमातला आसा," ती म्हणाली. तिच्या आवाजात रागही नव्हता. "ते जाताना मी ताच म्हणत होतंय. ता माका परत आयकव नको."

काकी उठून आत आल्या आणि त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. बाराव्या दिवसापर्यंत त्या रोज जाऊन तिथे बसल्या, गाण्याशिवाय. तेराव्या दिवशी वाडीतल्या बायका जमल्या. एक म्हातारी म्हणाली, दार तरी लाव. पोरगी उठली नाही. शेवटची ओळ म्हटल्याशिवाय दार कसं लावायचं, हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ती ओळ कुणाच्या तोंडून निघेना. बायका एकेक करून उठून गेल्या. दार उघडंच राहिलं. पुढे कित्येक महिने ते तसंच होतं. संध्याकाळी रस्त्याने जाताना आतला काळोख दिसायचा आणि मी मान खाली घालून पुढे जायचे.

गावात बोलणं सुरू झालं होतं. हे गाणं बाहेर दिलं कुणी? एक दिवस विहिरीवर बायकांनी काकींना घेरलं. मी कळशी घेऊन तिथेच होते. सगळ्यांना माहीत होतं की बाहेरून आलेली, शिकलेली, लिहिणारी मी एकटीच होते. दोघीतिघींनी माझ्याकडे पाहिलंही.

काकी म्हणाल्या, "माझ्याच तोंडातसून गेला ता. बाजारात बसान कधी म्हटलंय आसतलंय. माझी चूक."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. कळशी भरली आणि घरी आले.

शाळेचं ते वर्ष संपलं तशी मी बदली मागून घेतली. निघायच्या दिवशी ट्रंक बांधून झाल्यावर मी काकींसमोर बसले आणि सगळं सांगितलं: वही, पत्र, मामेभाऊ, शिरोड्याची ती मुलगी. सांगताना रडले. काकी रडल्या नाहीत.

"माका म्हायत होता," त्या म्हणाल्या. "दाराच्या फटीतसून तुझी पेन्सिल दिसत होती. तेव्हाच मी थांबूक होया होता. थांबलंय नाय. माका बरा वाटला. म्हटला, कोणतरी लिवता."

मग त्यांनी विचारलं, "ती जी गायली, ती बाई कशी आसा? तिचो घोव आसा मा?"

तिला नवरा आहे की नाही, मला माहीत नव्हतं. त्या गायिकेचा आवाज सगळ्या देशाला ठाऊक होता, पण तिच्या घरी कोण आहे याचा मी कधी विचार केला नव्हता.

"तिका कळव," काकी म्हणाल्या. "तिना ता लय वेळा म्हटल्यान. तिका कोणी सांगूक नाय आसतला."

मी नव्या गावी पोचल्यावर मामेभावाला तसं लिहिलं. गाण्याचा खरा अर्थ लिहिला, कधी म्हणतात तेही लिहिलं, आणि गायिकेपर्यंत एवढं पोचव अशी विनंती केली. महिनाभराने त्याचं उत्तर आलं. गाण्याच्या तबकड्या भरपूर खपल्या होत्या, संगीतकार खूश होते, आणि त्याला आता नव्या सिनेमासाठी असंच काही हवं होतं. गायिकेबद्दल त्यात एक अक्षरही नव्हतं.